बायनाबाईची कढई

माणिकराव पाटलांच्या घरचं लग्न उरकलं आणि कस्तुराबाई पाटलिणीची पुतळ्यांची माळ गायब झाली. अख्खं पेडगाव जेवून गेलं होतं, पण बोट उठलं ते पुऱ्या तळणाऱ्या बायनाबाईकडे. विधवा, एकटी, बोट दाखवायला अशी माणसं फार सोयीची असतात.

पाटलांनी दिव्य ठरवलं. उकळत्या तेलात अंगठी टाकायची, बायनाबाईने उघड्या हाताने काढायची. हात भाजला तर चोर. तेल आणि अंगठी पाटलांची, कढई मात्र तिचीच मागवली!

सकाळीच चावडीपुढे गाव जमलं. बायनाबाई घाबरली होती, खोटं कशाला सांगा. हात गेला की तळणं गेलं, पोट गेलं, नाव गेलं. पण तेलाला धूर सुटला आणि तिचं डोकं थंड झालं. या तेलाशी तिने तीस वर्षं संसार केला होता.

"घाल हात," पाटील म्हणाले. "खरी असशील तर देव सांभाळील."

बायनाबाईने पदर खोचला आणि हात पाटलांच्या नाकासमोर धरला.

"हे डाग बघा, पाटील. ह्यो तुमच्या लग्नातल्या करंज्यांचा. ह्यो मोठा, महादेवाच्या निवदाच्या पुऱ्या तळताना पडला. तवा म्या काय चोरलं व्हतं?"

तिने तोच हात कढईकडे केला.

"तेल कुनाला वळखत न्हाई. पटत नसंल तर आदी तुमी घाला हात. तुमी तर चोर न्हाई ना?"

पाटलांचा हात पाठीमागे गेला. सगळ्या गावाने तो जाताना पाहिला.

"मंग सबूत दावा. कुनी बघितलं त्येला म्होरं आना. परभणीत निजाम सरकारचा अमीन बसलाय, त्येच्याकडं फिर्याद करा, मी यीन. पर ह्या तेलाला पंच करू नका."

"वाळीत टाकीन!" पाटील गरजले.

"टाका."

तिने चुलीतली लाकडं ओढून विझवली. पाटलांनी पुन्हा पेटवायला फर्मावलं, पण एकही माणूस हलला नाही. बायनाबाई चुलीशेजारीच बसली. "कढई माझी हाय. निवली की नेते."

दुपार झाली. गाव पांगलं, पाटीलही पाय आपटत गेले. निवलेलं तेल तिने पाटलांच्या डब्यात शेवटच्या थेंबापर्यंत निथळवलं, अंगठी पुसून झाकणावर ठेवली आणि कढईचा एक कान धरला.

दुसरा कान कोणीतरी धरला. कस्तुराबाई होती, गळा मोकळाच.

"चल, बायना," ती म्हणाली. "घरापस्तोर येते."