कितवी फेरी

गोल फिरायची कल्पना माझी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं दोष कुणाचा याची शोधाशोध नको. एकाहत्तर साली मी उचगावात प्राथमिक शाळेवर मास्तर होतो आणि आमच्या गल्लीतल्या तालमीचा चिटणीस. मास्तरकी पोटासाठी, चिटणीसपद मिरवण्यासाठी. तालमीचं छप्पर पावसाळ्यात असं गळायचं की आखाड्यात कुस्तीऐवजी भाताची लावणी करावी. नवे पत्रे घालायचे तर गावाला काहीतरी दाखवून वर्गणी काढायला हवी होती.

त्या काळी गावोगाव सायकलीचे खेळ चालत. मैदानात चुन्यानं रिंगण आखायचं आणि एका माणसानं सात दिवस सायकलवरून त्यात फिरत राहायचं. पाय जमिनीला लावायचा नाही. जेवण, दाढी, आंघोळ, डुलकी, सगळं सायकलवर. आमच्या तालमीत पैलवान ढिगानं होते, पण सायकलीवर जीव टाकणारा एकच, कृष्णात.

कृष्णात उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथच्या यंत्रावर कामाला होता. आईबाप लवकर गेलेले. त्याला वाढवला थोरल्या भावानं, हंबीररावानं. सगळं गाव हंबीररावांना आण्णा म्हणायचं. कृष्णातनं आण्णांचा शब्द कधी मोडला नाही, आणि मोडता येतो हेही त्याला ठाऊक नसावं.

त्याला नाद एकच. सुट्टी मिळाली की आदल्या दिवशी आजऱ्याला मावशीकडं मुक्काम टाकायचा आणि उजाडता चंदगडच्या रस्त्याला लागायचं. एका दिवाळीच्या सुट्टीत मलाही त्यानं ओढून नेलं. मी पाय दुखतात म्हणून वाटभर कुरकुरत होतो, पण आजरा मागं पडला आणि गप्प झालो. सकाळची चंदगड एसटी आमच्या अंगावर धूळ उडवून गेली, आणि त्यानंतर दुपारपर्यंत रस्ता आमच्या बापाचा. एका अंगाला काजूची झाडं, दुसऱ्या अंगाला कापणीला आलेलं भात, त्याचा गोडसर वास, आणि चाकांची तेवढी सरसर. कृष्णात माझ्या पुढं होता. त्याची सायकल दोरी लावून आखावी तशी सरळ चालली होती. चारचौघांत तोंड न उघडणारा हा गडी तिथं झाडांशीसुद्धा मोठ्यानं बोलत होता.

अर्ध्या वाटेवर एका ओढ्यापाशी तो उतरला.

"दरवेळी हितनंच माघारी फिरतोय मास्तर. उद्या लेथ हाय," तो म्हणाला. "आठ दिवस सुट्टी गावली की चंदगड गाठणार. एकदा तरी. मागं वळायचंच न्हाय."

ते वाक्य मी नेमकं लक्षात ठेवलं. छपराचा विषय निघाला तेव्हा त्याला बाजूला घेऊन म्हणालो, "सात दिवस फिर. तुझ्या मालकाशी मी बोलतो. मग आठ दिवस तू मोकळा, जा चंदगडला."

त्यानं मान खाजवली. "गोल फिरून करायचं काय? सायकल म्हंजे फुडं जायाची वस्तू हाय."

पण आण्णा म्हणाले, "गावाचं काम हाय," आणि बोलणं तिथंच मिटलं.

रिंगणाच्या मधोमध मी एक खांब पुरला आणि त्यावर जोतिबाचा फोटो टांगला. मला कुणी सांगितलं नव्हतं. फोटो असला की बाया येतात, बाया आल्या की नारळ येतात, एवढाच माझा कावा. आता मधे देव म्हटल्यावर फिरायचं ते देवाला उजवी घालूनच, म्हणजे देव कायम उजव्या हाताला. डाव्या हातानं प्रदक्षिणा घालतं का कुणी?

माईकवर मी होतो. "सायकलसम्राट कृष्णात" हे नाव मीच पाडलं. चिमणावहिनी, म्हणजे आण्णांची बायको, भाकरीत पिठलं गुंडाळून सायकलीबरोबर पळायच्या आणि दिराच्या हातात द्यायच्या. लोक हसून टाळ्या पिटायचे. फेऱ्या मोजायचं काम माझंच. माझ्या टेबलापुढून जाताना कृष्णात विचारायचा, "मास्तर, कितवी?" मी माईकवरून आकडा पुकारायचो. पहिले दोन दिवस ती गंमत होती. चौथ्या दिवसापासून त्याच्याजवळ दुसरं बोलायलाच काही उरलं नाही.

सातव्या दिवशी गुलालात त्यानं पाय टेकला. पत्रे आले. दिल्या शब्दाप्रमाणे मी मालकाकडून आठ दिवसांची रजा मिळवली. दोन दिवस झोप काढून तिसऱ्या दिवशी सकाळी कृष्णातनं कॅरिअरला गाठोडं बांधलं. मी निरोपाला गेलो होतो. तेवढ्यात अंगणात चार पावणं आले. त्यांच्या गावाची जत्रा होती आणि त्यांना सायकलसम्राट हवा होता. त्यांनी पानसुपारीचं तबक पुढं केलं. आण्णांनी कृष्णातकडं न बघता सुपारी उचलली आणि खिशात टाकली.

आमच्याकडं सुपारी म्हणजे काय हे सांगायला नको. वाजंत्री असोत, तमाशाचा फड असो, एकदा सुपारी घेतली की घरात मयत पडलं तरी जावं लागतं.

"आण्णा, मी चंदगडला निघालोय न्हवं?" कृष्णात म्हणाला. त्याचा हात सीटवरच होता.

"मग? चंदगड काय पळून चाललंय?" आण्णा म्हणाले. "घेतल्याली सुपारी माघारी द्यायची चाल आपल्यात न्हाय."

पावणं हसले. मीही हसलो. कृष्णातनं गाठोडं सोडलं आणि वहिनींच्या हातात दिलं.

ती आठ दिवसांची रजा त्या गावच्या रिंगणात गेली. तिथं दुसऱ्या गावची माणसं बघायला आली, त्यांनी तिसऱ्याची सुपारी आणली. खाडे वाढले, लेथ गेला. मग आण्णा म्हणू लागले, आता हाच धंदा. एका गावाहून दुसऱ्या गावाला सायकल एसटीच्या टपावरून जायची. आण्णा वाईट नव्हते. भावाचं नाव पंचक्रोशीत झालं याचाच त्यांना आनंद होता, आणि ते नाव मिळतंय तर पोरगं नाखूश का, हे त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. माझं काय? खोटं कशाला बोलू, मला माईकची चटक लागली होती. शाळेला सुट्टी असली की मी आधी, नसली की आजारी पडून मी त्याच्यामागं. शाळेत पोरं माझं ऐकत नव्हती, इथं जत्रा ऐकत होती.

दुसऱ्या वर्षी एका गावात, पाचव्या दिवशी सकाळी, कृष्णात टेबलापाशी आला आणि वेग कमी करून म्हणाला, "मास्तर, उजवा खांदा धरलाय. जरा उलटं फिरू का? वाईच, दहा-वीस फेऱ्या."

मी गावच्या पंचांकडं बघितलं. एक म्हातारा उठूनच उभा राहिला. "देवाला डावं घालतोस व्हय रं? जत्रा हाय का मयत?"

खांबावरचा फोटो उतरवून ठेवा, एवढं म्हणायचं होतं मला. तो माझ्याच घरचा फोटो, मीच गावोगाव पिशवीतून नेत होतो. पण समोर गर्दी होती आणि हातात माईक. मी पुकारलं, "भक्त कृष्णात देवाला उजवी घालून नवा विक्रम करत आहेत." लोकांनी चांगभलं केलं. कृष्णातनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि पुढं गेला, म्हणजे गोल गेला.

तिसऱ्या वर्षी माघात आजऱ्याची सुपारी आली. त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी कृष्णात आपणहून बोलला.

"आण्णा, खेळ सुटला की मी तिथनंच फुडं जातो. चंदगडला."

आण्णांनी पान लावता लावता मान हलवली. "जा की. चैतापातूर सुपारी न्हाय घेतल्याली. कोण आडवतंय तुला?"

इतकं सोपं होतं ते. आजऱ्याच्या सातही दिवसांत तो हसत फिरला. पाय टेकला, गुलाल झाला, मावशीकडं दोन दिवस झोपला, आणि तिसऱ्या दिवशी उजाडता मला हलवून उठवलं. "चला मास्तर. तुमी पयल्यांदा आलता, तवा आताबी तुमीच या."

गावातून तो सायकल हातात धरून चालला, मागं मी माझी घेऊन. घरं संपली तिथं आम्ही थांबलो. चंदगड एसटी पुढं जाऊ दिली. तिचा आवाज वळणामागं विरला आणि रस्ता मोकळा झाला. काजूला मोहोर होता, ऊन नुकतं झाडांत उतरत होतं. कृष्णातनं दोन्ही हात चड्डीला पुसले, टांग टाकली आणि पायडल मारलं.

वीसेक हात गेला असेल. सायकल उजवीकडं ओढली गेली, रस्ता ओलांडून पलीकडच्या मातीत शिरली. त्यानं पाय टेकून ती सरळ केली. पुन्हा निघाला, पुन्हा उजवीकडं. तिसऱ्यांदाही तेच.

"हँडल ओढतंय," तो म्हणाला. "जुनी झाली."

मी माझी सायकल त्याला दिली आणि त्याच्या सायकलवर बसलो. ती सुतासारखी सरळ गेली. मी मुद्दाम हात सोडून बघितलं, तरी सरळ. वळून बघतो तर कृष्णात माझ्या सायकलवरून पलीकडच्या काजूखाली गेलेला.

मग त्यानं जिद्द धरली. दात आवळले, डावा हात ताठ केला, सगळं अंग डावीकडं टाकलं. घाम निथळत होता. चार हात सरळ जायचा आणि उजवा खांदा आपोआप खाली यायचा, मान कलायची. त्याचे डोळे रस्त्यावर नव्हतेच. ते उजवीकडं, जिथं तीन वर्षं फोटो असायचा तिथं लागलेले. काहीतरी बोलावं म्हणून म्हणालो, "दोन दिवस विसावा घे. खेळाचा शीण आहे, जाईल." माझं मलाच ते पटलं नाही.

तिथं रस्त्याच्या कडेला मोकळा माळ होता. मी त्याची सायकल धरून रस्त्यात उभा होतो. कृष्णात पुन्हा निघाला, उजवीकडं वळला आणि या वेळी त्यानं पाय टेकला नाही. सायकलला जाऊ दिलं. ती माळावर गेली, वळली, माझ्या मागून रस्त्यावर आली, पुढं निघाली आणि पुन्हा वळली. दात आवळणं थांबलं होतं. खांदे सैल झाले होते. मधे मी होतो. चंदगडचा रस्ता समोर रिकामा पडला होता, त्यावर एक माणूस नव्हता, कुणी अडवायला नव्हतं.

मी त्याला हाक मारणार होतो. उतर म्हणणार होतो. हाताला धरून चालत नेईन तुला चंदगडला, असंही मनात आलं. पण ओठ वेगळंच काहीतरी पुटपुटत होते आणि ते माझ्या उशिरा ध्यानात आलं.

माझ्यासमोरून जाताना त्यानं मान वर न करता विचारलं, "मास्तर, कितवी?"

लाज वाटते सांगायला. मला आकडा माहीत होता.