सहाव्या दिवसाचा पांढुरका थर

साच्यातून काढताना चॉकलेटची वडी आरशासारखी चकचकीत असे. सहाव्या दिवशी तिच्यावर राखाडी-पांढुरका थर आलेला असे. बोट फिरवले की तो बोटाच्या उबेने नाहीसा होई.

मी एक जुना तापमापक आहे. मित्रांनो, माझे सारे आयुष्य केसाएवढ्या बारीक पोकळीच्या एका काचेच्या नळीत गेले आहे. तळाचा फुगा हे माझे पोट आणि वरची पितळी टोपी हे माझे छत. आत भरलेला लाल द्रव म्हणजे मी. वर सरकणे आणि खाली उतरणे एवढ्या दोनच हालचाली मला करता येतात, आणि त्यांपैकी एकही माझ्या इच्छेने होत नाही. नळीवर उणे दहापासून एकशे दहापर्यंत रेघा आहेत. कैदी कोठडीच्या भिंतीवर रेघा ओढतो तेव्हा निदान त्या तो स्वतः ओढतो. माझ्या रेघा काचकाराने आधीच कोरून ठेवल्या होत्या.

एका कार्यशाळेत मला काम मिळाले. ती दोन बहिणींची होती. थोरली चॉकलेट बनवी. धाकटी ते कागदात गुंडाळून दुकानांत पोचवी. चॉकलेट मी कधी चाखले नाही. मला ते अंशांत ठाऊक आहे. काळे चॉकलेट प्रथम अठ्ठेचाळीसपर्यंत वितळवायचे, सत्तावीसपर्यंत निववायचे आणि पुन्हा बत्तीसवर आणून साच्यात ओतायचे. दुधाच्या चॉकलेटला तीस पुरे, पांढऱ्याला एकोणतीस. असे केले तरच आतील चरबीचे कण योग्य रीतीने जमतात. वडी चमकते आणि मोडताना कट्कन आवाज करते. अंश-दोन अंश चुकले की सारे फसते. म्हणून माझा शब्द तिथे अखेरचा होता. "तो कधी थाप मारत नाही," असे थोरली सर्वांना सांगे. हे कौतुक ऐकून मला नळीत अधिक ऐसपैस वाटले असे नाही, पण ते आवडले.

शाळेतील मुले कार्यशाळा पाहायला आली की थोरली त्यांना इतिहास सांगे. काही हजार वर्षे चॉकलेट हे खाण्याचे नव्हे, पिण्याचे होते. कडू आणि फेसाळ. कोकोच्या बियांतील चरबी दाबून वेगळी काढता येऊ लागली, त्यानंतर कुठे वडी जन्मली. तिला अजून दोनशे वर्षेही झालेली नाहीत. मागणी वाढली तशी मळ्यांवर गुलाम राबवले गेले आणि काही मळ्यांत आजही तुमच्या वयाची मुले कोयत्याने फळे फोडतात. हे ऐकून एखादे मूल हातातील तुकडा खाली ठेवी. थोरली म्हणे, "खा. पण कुणाच्या मळ्यातला आहे, ते विचारायला शीक."

तिने स्वतःही ते विचारले होते. व्यापाऱ्याच्या पोत्यांवर मळ्याचे नाव नसे. त्याला सोडून तिने एका मळेवाल्या काकूंच्या शेतकरी गटाकडून बिया घ्यायला सुरुवात केली. गटात चाळीस घरे होती आणि पहिला नियम असा की शाळेच्या वयाचे मूल मळ्यात कामाला दिसता कामा नये. गटाला दुसरे मोठे गिऱ्हाईक नव्हते. त्याच हंगामात तो पांढुरका थर सुरू झाला.

"ताई, अजून एक खोका परत आला," धाकटी म्हणाली. "दुकानदार म्हणतो, बुरशीवाली चॉकलेटं विकायला मला काय वेड लागलंय?"

"बुरशी नाही ती. चरबी वर आलीये."

"हे तू त्याच्या गिऱ्हाइकांना समजाव. एकेकाला पाट मांडून बसव आणि व्याख्यान दे."

थोरली हसली नाही. "बियाच नीट आंबवलेल्या नसणार," ती म्हणाली. "काकूंना बोलावून सांगते, आणि पुढच्या महिन्यापासून परत व्यापारी."

मी बत्तीसवर उभा होतो. दोन गोष्टी एकाच वेळी सुरू झाल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असे ठरत नाही, हे मला सांगायचे होते. पण माझ्या भाषेत फक्त आकडे आहेत, आणि तेही विचारले तेवढेच.

काकू आल्या. खांद्यावरची पिशवी न उतरवताच त्यांनी चार बिया सुरीने उभ्या चिरल्या. आतून त्या तपकिरी होत्या आणि त्यांत भेगा होत्या.

"आत जांभळं आणि घट्ट असतं ना, तर मीच तोंड लपवून गेले असते," त्या म्हणाल्या. "हे आंबवलेलं आहे, पोरी. फक्त काळंच बिघडतंय?"

"पांढऱ्यावर पांढरं कसं दिसणार?" धाकटीने एक पांढरी वडी मोडायला घेतली. ती मोडली नाही, वाकली.

"यात माझं बी किती?"

"एकही नाही," थोरली सावकाश म्हणाली. "यात फक्त बियांतली चरबी. ती आम्ही गिरणीतून आणतो."

"मग ही का वाकतेय? माझ्यावर रुसून?"

धाकटी खुदकन हसली. काकूंनी पिशवीतून आपला तापमापक काढला.

"आम्ही आंबवायच्या पेटीत दोन-दोन घालतो. एकट्याचं ऐकायचं नाही, अशी आमच्याकडे रीतच आहे. तुमच्यात नाही?"

"हा कधी चुकला नाही हो."

"कुणी सांगितलं? त्यानंच?"

त्यांनी आपला तापमापक माझ्या शेजारी भांड्यात बुडवला. मी बत्तीस म्हणालो. तो चौतीस म्हणाला.

"आता यांच्यातला खोटारडा कोण, ते कसं कळणार?" धाकटीने विचारले.

"बर्फ आण," काकू म्हणाल्या.

बर्फ आणि पाण्याच्या वाडग्यात दुसरा शून्यावर थांबला. मी उणे दोनवर गेलो. असल्या वाडग्यात ते शक्य नसते. सारा जोर लावून दोन रेघा वर चढावे असे मला वाटले, पण मला जोर नसतो. तिघी वाकून माझ्याकडे पाहत होत्या आणि मला मान फिरवायलाही जागा नव्हती.

"बाई गं," थोरली म्हणाली. "काकू, मी तुम्हाला घालवायला निघाले होते."

"निघाली होतीस खरी. चहा ठेव आता."

गटाच्या बिया आजही येतात. भांड्यात आता दोन तापमापक असतात. त्यांत मी नाही. मी खिळ्याला उभा टांगलेला आहे. मित्रांनो, ज्याच्यावर तुमचा विश्वास आहे त्याला पुसून, जपून ठेवणे ही अर्धीच काळजी झाली. त्याला अधूनमधून तपासा. मला कुणी तपासले असते तर चाळीस घरांवर नाहक आळ आला नसता.

थोरलीने माझी पितळी टोपी काढली तेव्हा कारण सापडले. रोज रात्री मला गरम पाण्याने धुऊन, नाजूक फुग्याला धक्का लागू नये म्हणून, ती मला पेल्यात डोके खाली करून ठेवी. त्यामुळे त्या हंगामात कधीतरी माझा दोन रेघांएवढा द्रव तुटून नळीच्या टोकाशी, टोपीखाली अडकला होता. उरलेला मी तेवढाच कमी दाखवत होतो. म्हणून बत्तीसऐवजी चौतीस अंशांचे चॉकलेट साच्यात पडे, आणि त्यातील नीट न जमलेली चरबी सहा दिवसांत वर येई.