यंत्रानंदांच्या मंत्रातला दुसरा शब्द

चिक्कडपल्लीत एका बंद पडलेल्या साडीच्या दुकानात यंत्रानंद स्वामी अवतरले, आणि नल्लकुंट्यापासून सिकंदराबादपर्यंतची शिकलीसवरलेली माणसं चपला काढून रांगेत उभी राहिली. साल चौऱ्याण्णव. देशाची दारं उघडली होती, गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते, घरटी एकाला तरी अमेरिकेची स्वप्नं पडत होती. देवाने मागे राहून कसं चालेल? तोही कॉम्प्युटरवर आला.

आत एसीचा गारठा. चौरंगावर कॉम्प्युटर, पडद्याच्या काचेला गंध, प्रिंटरला झेंडूचा हार. स्वामी डोळे अर्धवट मिटून बीजमंत्र पुटपुटायचे आणि पुटपुटता पुटपुटता कळा दाबायचे. पडद्यावर हिरव्या इंग्रजी अक्षरांची एक ओळ उमटायची, प्रिंटर करकरायचा आणि कागद बाहेर यायचा. भक्ताने तोंड उघडायच्या आत त्याचं दुखणं कागदावर हजर! बायका डोळे पुसत, पेन्शनर मंडळी प्रिंटरच्या पाया पडत. मी पेशाने वकील. खोटे साक्षीदार पुष्कळ पाहिले, पण खोटेपणाला इतकी गार हवा घातलेली पहिल्यांदाच पाहत होतो.

मी तिथे हौसेने गेलो नव्हतो. माझी पुतणी माधवी, भाऊ गेल्यापासून आमच्याच घरी वाढलेली. तिचं लग्न प्रतापरावांच्या संदीपशी ठरलं होतं. मुलगा कॉम्प्युटर इंजिनियर, वडिलांचा जमीनजुमला, माणसं बरी. फक्त तारीख काढायची राहिली होती, आणि प्रतापरावांना ती स्वामींच्या यंत्राला विचारून हवी होती.

मी, माधवी, प्रतापराव आणि संदीप असे चौघं गेलो, तर दारातच एक भगवा शिष्य उभा होता. "चप्पल उधर छोड़ो अम्मा, अंदर एसी है. संकल्प बोलो: नाम, गोत्र, काम." प्रतापरावांनी भक्तिभावाने सगळं सांगितलं. शिष्याने आम्हाला आत नेलं आणि स्वामींसमोर खड्या आवाजात संस्कृत ठोकलं, "माधवीनाम्न्याः कन्यायाः विवाहसिद्ध्यर्थम्..."

स्वामींनी कळा दाबल्या. कागद आला. शिष्याने वाचून अर्थ सांगितला, "शादी का सवाल है. लड़की के पत्रिका में दोष है. शादी हुई तो लड़के को मृत्युयोग. बड़ी शांति करनी पड़ेगी."

प्रतापरावांचा चेहरा उतरला. माधवीचा त्याहून जास्त. संदीप पायाच्या अंगठ्याकडे पाहत उभा राहिला.

बाहेर येताच मी म्हणालो, "प्रतापराव, हा शुद्ध भामटेपणा आहे."

"वकीलसाब, तुम्ही नास्तिक माणूस. पण कॉम्प्युटर कैकू झूट बोलेल? आपण लग्नासाठी आलाव हे त्याला कुणी सांगितलं होतं, बोला?"

"तुम्हीच सांगितलंत की! दारात, संकल्पात."

"ते तर देवाला सांगितलं," प्रतापराव म्हणाले. "स्वामीला कुठं सांगितलं?"

या शहरातले अर्धे पदवीधर याच एका खात्रीवर लुटले जात होते. संकल्प देवाच्या कानात जातो आणि वाटेत उभ्या माणसाला ऐकू येत नाही, अशी आपली पिढीजात समजूत!

"शांती झाली नाही तर हे लग्न मोडलं समजा," एवढं बोलून ते रिक्षात बसले. म्हणजे माधवीच्या कपाळावर नवऱ्याला खाणारी असा शिक्का, आणि तो अख्ख्या नातेवाइकांत फिरणार.

घरी माधवी रडली नाही. म्हणाली, "काका, शांतीला हो म्हणा. मला त्या यंत्राजवळ जायचंय." ती कॉम्प्युटरच्या क्लासला जात होती. पडद्यावरची ओळ तिने नीट वाचली होती.

शांतीच्या दिवशी दुकान खच्चून भरलेलं. स्वामींनी आधी दोष पुन्हा दाखवला. तोच मंत्र, तीच ओळ, तोच कागद. मग शिष्य म्हणाला, "अब कन्या यंत्र को हल्दी-कुंकू चढ़ाएगी." माधवी चौरंगाशी बसली. हळदीचं बोट तिने एका कळीवर टेकवलं, आणि मागची ओळ जशीच्या तशी पुन्हा उमटली. ओळीत चार शब्द होते: पत्रिका, विवाह, दोन, माधवी. शेवटचं नाव खोडून तिने तिथे 'खुर्ची' लिहिलं आणि कळ दाबली.

प्रिंटर करकरला. तिने कागद मोठ्याने वाचला, "कुमारी खुर्ची हिच्या पत्रिकेत दोष. विवाह झाल्यास वराला मृत्युयोग."

कुणीतरी फिसकन हसलं. तिने 'दोन'च्या जागी 'एक' घातला. नवा कागद आला, "कुमारी खुर्ची हिचा विवाह सर्वोत्तम. परदेशगमनाचा योग."

"अय्यो, खुर्ची अमेरिकेला चालली!" मागून एक बाई ओरडल्या आणि सगळं दुकान हसण्यात बुडालं.

"बंद करो!" स्वामी किंचाळले. "यंत्र भ्रष्ट हो गया!"

"भ्रष्ट नाही, आज्ञाधारक आहे," माधवी म्हणाली. "ऐका. पहिला शब्द म्हणजे प्रोग्रामचं नाव. त्याच्यापुढे जे लिहाल ते प्रोग्राम क्रमाने उचलतो. आधी विषय, तो यांना संकल्पातून कळतो. मग आकडा: एक म्हणजे चांगलं, दोन म्हणजे वाईट. तो स्वामी ठरवतात, तुमची ऐपत बघून; शांतीचा खर्च ज्याला झेपेल त्याला दोन. शेवटी नाव. ते नुसतं छापायला. मंत्र तोंडाने चालतो आणि बोटं हुकूम लिहितात. विश्वास नसेल तर ही प्रोग्रामची फाईल बघा." तिने ती पडद्यावर आणली. चांगलं भविष्य, वाईट भविष्य, विषयवार लिहून ठेवलेलं. पेन्शनर मंडळी चष्मे सावरत पुढे सरसावली. स्वामी मागच्या दाराने कधी सटकले ते कुणाला कळलंच नाही.

प्रतापरावांनी खो खो हसत माझा हात धरला. "हौ वकीलसाब, पोरगी हुशार आहे! आता कैकू थांबायचं? तारीख धरा."

माधवी मात्र संदीपकडे वळली. "तो पडदा तुमच्याही समोर होता. ती ओळ तुम्ही वाचली नव्हती?"

"वाचली होती."

"कळली होती?"

"पहिल्याच दिवशी," संदीप पुटपुटला. "पण बाबा होते ना समोर. त्यांच्यापुढे कसं बोलणार?"

"म्हणजे मला अपशकुनी ठरवून घरी पाठवलं असतं, तरी तुम्ही असेच उभे राहिला असता."

संदीप पुन्हा पायाच्या अंगठ्याकडे पाहू लागला. माधवी माझ्याकडे पाहून म्हणाली, "काका, चला घरी. हे लग्न मला करायचं नाही."

यंत्रानंदांसारख्या भुरट्यांची मला फक्त किळस येते. राग येतो तो संदीपचा. तेव्हा वाचकहो, चमत्कार दिसला की आधी एवढंच विचारा: याला हे कुणी सांगितलं? यंत्र असो की मूर्ती, आत घातल्याशिवाय बाहेर काही येत नाही. आणि उत्तर कळलं, तर तिथल्या तिथे मोठ्याने बोला. समोर वडील बसलेले असले, तरीसुद्धा बोला.