पेगच्या चुलीचा चिमटा

मित्रांनो, मी एक जुना चिमटा आहे. आयर्लंडच्या कॉनेमारातल्या टाइग लोहाराने मला घडवलं. दिसायला मी ओबडधोबड, पण टर्फचा, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या जळणाचा, धगधगता निखारा माझ्या तोंडातून कधी निसटला नाही. म्हातारी पेग रात्री मला हाती घेऊन विस्तव राखेखाली झाकायची आणि सकाळी उकरायची. तिच्या सासूच्या काळापासून ती चूल विझलेली नव्हती. याचा तिला भारी तोरा होता आणि खरं सांगायचं तर मलाही.

एका गारठलेल्या सकाळी तिची सून साइव उभ्या पिपात दांडा घुसळत लोणी काढत होती. इतक्यात शेजारचा फेलिम भिजून चिंब होऊन दारात आला.

"पेगकाकी, बायको पहाटे बाळंत झाली. धुराड्यातून पाणी आलं न् चूल विझली. पोरगी निळी पडत चाललीय. एक निखारा द्या!"

पेगचा चेहरा उतरला. लोणी निघायच्या आधी विस्तव उंबऱ्याबाहेर गेला, की घरातलं लोणी त्याच्यामागोमाग जातं, असं आमच्याकडे सगळेच मानत. आणि त्या घराचं पोट लोण्यावरच चालायचं.

"थांब जरा. लोणी येऊ दे," ती म्हणाली.

"तोवर पोर थांबेल का, आई?" साइवने दांडा सोडला, मला उचललं आणि सगळ्यात मोठा निखारा मडक्यात टाकून फेलिमच्या हातात दिला.

"कर, कर घराचं वाटोळं!" पेग ओरडली.

त्या दिवशी लोणी आलंच नाही. हाताला फोड येईपर्यंत साइव घुसळत राहिली. मला साइवची फार कीव आली.

अंधार पडू लागला तशी पेगने शाल पांघरली, मला उचललं आणि तडक फेलिमचं घर गाठलं. आता भांडण पेटणार, असं मला वाटलं. तिथे चूल पेटली होती. पाळण्यातली पोर गुलाबी झाली होती. पेग बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग तिने मला पाळण्यावर आडवं ठेवलं. टेकडीतले अदृश्य लोक तान्ही बाळं पळवतात, पण लोखंडाला भितात ना!

"काकी, मग तुमच्या चुलीला काय?" फेलिमने विचारलं.

"काठी आहे की. आणि तू उद्या घुसळायला ये, आळशा. पोरीला पुढे लोणी लागेल."

मला तिथेच ठेवून ती गेली. मरेपर्यंत तिने आपला विस्तव काठीनेच उकरला.

आता त्या पोरीच्या नातवाने मला काळा रंग देऊन भिंतीवर टांगलंय. मित्रांनो, टांगा खुशाल. पण थंडीत कुणी दाराशी आलं, तर मला आधी खाली काढा.