पक्कं येईपर्यंत

पॉलीन थिबोडोच्या वर्गात कुणी नापास होत नसे. आता गंमत अशी, की तिथे कुणी सहजासहजी पासही होत नसे.

त्या शाळेची रीतच तशी होती. गिरण्या बंद पडलेलं थंडगार गाव, सरकारी हायस्कूल, आणि पोरं बेचाळीस भाषा बोलणारी. कुणी सोमाली, कुणी पोर्तुगीज, कुणी कांगोतून पळून निर्वासितांच्या छावणीमार्गे आलेलं, कुणी सात पिढ्या इथलंच. सगळ्यांना एका दावणीला बांधून कसं चालेल? म्हणून सहा वर्षांपूर्वी शाळेनं मार्क काढूनच टाकले. प्रत्येक विषयाचे लहान लहान भाग पाडले आणि प्रत्येक भागाला संगणकावर एक चौकोन दिला. आलं की हिरवा, नाही आलं तर पिवळा. पिवळा म्हणजे नापास नव्हे, पिवळा म्हणजे 'अजून नाही'. ज्यानं त्यानं आपल्या चालीनं जावं. मात्र एकदा करून दाखवलं की भागत नसे. तीन आठवड्यांनी पुन्हा नवं गणित सोडवायचं, आणि हे असंच का, ते तोंडानं समजावून सांगायचं. मग हिरवा.

गणिताच्या पॉलीनचा या पद्धतीवर भारी जीव. वय अठ्ठावन्न, गुडघे दुखरे, जीभ तिखट. "हिरवा म्हणजे हिरवा, पोपटी चालणार नाही," असं ती पोरांना ठणकावायची. एका नगरसेवकाच्या पुतण्यालाही तिनं पाच महिने पिवळ्यावर ठेवला होता. आणि हो, भांडभांड भांडून तिनंच त्या संगणकावरून पोरांची वयं काढायला लावली होती. एकोणीस वर्षांचा बाप्या चौदाच्या पोरांबरोबर अपूर्णांक शिकतोय, हे जगाला कशाला दिसायला हवं? लाज वाटली की पोरगं शाळा सोडतं. तिचं म्हणणं काही चूक नव्हतं हो! तेच तर दुखणं आहे.

रिझिकी बिसिम्वा शाळेत आली तेव्हा छावणीतल्या तीन इयत्तांचं शिक्षण तिच्या गाठीशी होतं. चार वर्षांत या पोरीनं एकशे एकोणचाळीस चौकोन हिरवे केले. डिसेंबरात एकच उरला. तो झाला की डिप्लोमा, म्हणजे शाळा पुरी केल्याचा दाखला, आणि तो हातात पडला की फेब्रुवारीपासून हॉस्पिटलात नर्सच्या हाताखालचं शिक्षण. जागा राखून ठेवलेली होती. त्या निळ्या गणवेशाचं माप देऊनसुद्धा झालं होतं.

उरलेला चौकोन नळांच्या गणिताचा होता. एक नळ टाकी तीन तासांत भरतो, दुसरा सहा तासांत, दोन्ही सोडले तर किती वेळ? पहिल्या वेळी जमलं. अठरा डिसेंबरला दुसऱ्यांदा तिनं उत्तर अचूक काढलं, दोन तास.

"छान. पण दोनच का?" पॉलीननं विचारलं.

रिझिकी म्हणाली, "तुम्हीच तसं करायला शिकवलंत, मिस."

"मी शिकवलं म्हणून? उद्या मी चुकीचं शिकवलं तर?"

"तुम्ही कशाला चुकाल?"

पॉलीन हसली आणि तिनं पिवळा ठेवला. बावीस तारखेला सुट्टी लागायच्या आधी रिझिकी वही घेऊन पुन्हा दारात उभी. पॉलीननं कोट चढवला होता, गाडीवरचा बर्फ अजून खरवडायचा होता. "अगं, घाई काय आहे? सुट्टीत नीट विचार कर. तुला हवा तेवढा वेळ आहे."

हे वाक्य तिला पुढे जन्मभर छळणार होतं.

चार जानेवारीला शाळा उघडली आणि दारावरच्या माणसानं रिझिकीला आत सोडलं नाही. यादीत नावच नव्हतं. राज्याचा नियम असा, की एकविसावं पूर्ण झालं की सरकारी शाळेतून नाव कमी. रिझिकीच्या कागदांवर जन्मतारीख होती एक जानेवारी. छावणीतून आलेल्या अर्ध्या पोरांची तीच असते. कुणाला खरी तारीख ठाऊक नसते, मग कारकून एक जानेवारी ठोकून देतो. ही गोष्ट सगळ्या शाळेला माहीत होती. दर नव्या वर्षी त्यावरून विनोद व्हायचे, एकच केक पन्नास जणांत कापायचे. पण कोण कितवं पूर्ण करतंय ते कुणी बघितलं नव्हतं, कारण वय कुठे दिसतच नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

पॉलीननं शिक्षण खात्याच्या ऑफिसला फोन लावला. तिकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "पत्र पाठवलंय मॅडम, सुट्टीतच. मोठ्यांच्या रात्रवर्गाला नाव घाला म्हणावं, दीड वर्षात नंबर लागेल."

"आणि हॉस्पिटलची जागा? ती थांबेल दीड वर्ष?"

"ते आमच्याकडे येत नाही."

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांपुढे डोकं आपटून काय होणार? तिनं फोन आदळला आणि प्रिन्सिपल डेलगाडोबाईंकडे गेली. बाईंनी दार लावून घेतलं. "हे बघ पॉलीन, निकाल सुधारायचा एक फॉर्म असतो. अठरा तारखेलाच तिनं करून दाखवलं होतं, माझी नोंद चुकली, असं लिही. खाली तुझी सही, तिची सही. बाकीचं मी बघते."

"पण तिला त्या दिवशी नव्हतं आलं."

"उत्तर तर बरोबर होतं ना?" डेलगाडोबाई हळूच म्हणाल्या. "एका 'का'पायी पोरीचं वाटोळं करणार आहेस का?"

पॉलीननं सही केली. नोकरीत पहिल्यांदाच ती खोटं लिहीत होती, आणि त्याची लाज वाटण्याऐवजी तिला स्वतःच्या सहा वर्षांच्या ताठ्याची लाज वाटत होती.

दुपारी ती बिसिम्वांच्या घरी गेली. तिसरा मजला, जिना निसरडा. दार रिझिकीच्या वडिलांनी उघडलं. उंच, वाकलेला माणूस. इंग्रजी चार शब्दांपलीकडे येत नव्हतं. त्यांनी दोन्ही हातांनी पॉलीनचा हात धरला, तिला बरी खुर्ची दिली, चहा आणि तिकडचे गोड तळलेले वडे, गरम मंदाझी, पुढे ठेवले आणि रिझिकीही येऊन बसल्यावर ते समोर बसून कौतुकानं दोघींच्या तोंडाकडे बघत राहिले.

"यांना सांगितलंस?" पॉलीननं इंग्रजीत विचारलं.

"नाही. त्यांना वाटतंय अजून सुट्टीच आहे." रिझिकी बशीकडे बघत म्हणाली. "मिस, मी एकोणीसची आहे. छावणीत आई गेली तेव्हा बाबांनी माझं वय दोन वर्षांनी वाढवून लिहिलं. मोठी मुलगी घरात असली की धाकट्यांना दुसरीकडे नेत नाहीत, असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी आम्हाला एकत्र ठेवलं. आता हे कळलं तर ते जेवायचे नाहीत."

"मग तेच सांगू या ना ऑफिसात! खरं वय..."

"आणि सगळ्या घराचे कागद उघडायचे? खोटं सापडलं म्हणून परत धाडलं तर? काय बोलताय, मिस?"

पॉलीननं फॉर्म काढून टेबलावर सरकवला. "इथं सही कर. बाकी खोटं माझ्या माथी."

रिझिकीनं फॉर्म वाचला, मग पुन्हा वाचला. पेन उचललं. पोरीनं पेन खाली ठेवलं.

"माझ्या कागदांवर माझं वय खोटं, तारीख खोटी. आडनावाचं स्पेलिंगसुद्धा कुणीतरी मनानं घातलेलं. हे एकशे एकोणचाळीस तेवढे माझे आहेत. त्यात हा मिसळला तर मला बाकीचेही खोटे वाटायला लागतील."

"अगं वेडे, तत्त्वाची चटणी खाऊन का पोट भरणार आहे? जागा जाईल!"

"जाईल." रडली ती, वडिलांकडे पाठ करून, नाक शिंकरल्याचं नाटक करत. पॉलीनला वाटलं, हा हट्ट हिच्यात मीच भरला. आणि तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

मग रिझिकी वळली. "पण मला आलंय ते. ऐकता?"

"आता?"

"छावणीत दोन नळ होते. एक जोराचा, एक रडका. जोराचा एकटा टाकी तीन तासांत भरायचा, म्हणजे तासाला तिसरा हिस्सा. रडका तासाला सहावा. दोन्ही सुटले की तासांची बेरीज करायची नाही. तसं केलं तर वेळ वाढेल, आणि रांगेतल्या बायका मारतील आपल्याला! बेरीज करायची पाण्याची. तासाला तिसरा आणि सहावा, मिळून अर्धी टाकी. म्हणून दोन तास. तुम्ही शिकवलंत म्हणून नाही."

पॉलीननं विचारलं, "आणि तिसरा नळ टाकी रिकामी करत असेल तर?"

"मग त्याचा हिस्सा वजा. पण असा नळ ठेवला कुणी?"

पॉलीनला हसू आलं आणि त्याच्याच मागून रडू आलं. इतकं स्वच्छ तिला स्वतःलाही कधी समजावता आलं नव्हतं. सतरा दिवस. पोरीला फक्त सतरा दिवस जास्त लागले होते.

"हिरवा," ती कशीबशी म्हणाली.

तो एक शब्द वडिलांना कळला. शाळेतून आलेल्या पोरीच्या तोंडून चार वर्षं ऐकला होता त्यांनी. ते उठलेच. भराभर काहीतरी विचारलं, रिझिकी दोनच शब्दांत बोलली, आणि त्या वाकलेल्या माणसानं छातीवर हात ठेवून पॉलीनपुढे मान लववली. मग दार उघडून जिन्यात शेजाऱ्यांना हाका मारायला लागले.

"काय सांगितलंस त्यांना?" पॉलीननं घाबरून विचारलं.

"पास झाले म्हणून." रिझिकीनं तिच्या डोळ्यांत बघितलं. "खरं आहे ना, मिस?"

जिन्यातून पावलं वर यायला लागली होती. पॉलीन म्हणाली, "खरं आहे, बाळ," आणि रिझिकीच्या सहीविना राहिलेला तो फॉर्म तिनं घडी घालून पर्समध्ये टाकला.