पाण्याचा चेंडू

मी एक गोल्फचा चेंडू. समुद्रकाठच्या खडकात, एका कपारीत अडकून बोलतोय. आवाज जरा ओला वाटला तर समजून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. पोटात रबराचा गोळा, वरून टणक पांढरी कातडी आणि अंगभर खळगे. खळग्यांमुळे म्हणे आम्ही लांब उडतो. दिसायला कसे दिसू, याचा विचार बहुधा कुणी केला नसावा.

मला विकत घेतलं ते दातांच्या एका डॉक्टरांनी. सुट्टीच्या दिवशी ते आणि त्यांची बायको गावाबाहेरच्या जुन्या मैदानावर खेळायला जात. खेळ कमी आणि भांडण जास्त. एक गोष्ट मी तिथेच शिकलो. फटका लांब गेला की माणूस म्हणतो, "बघ, कसा मारला!" आणि वाकडा गेला की म्हणतो, "चेंडू कुठे गेला बघ!" चांगलं झालं ते त्याचं, बिघडलं ते आमचं.

डॉक्टर तर याच्याही पुढचे. एकदा बाई भडकल्याच.

"अहो, झेंड्याजवळचा चेंडू दर वेळी तुमचाच कसा हो? आणि झुडपात गेलेला तेवढा माझा!"

"अगं, खेळायची पद्धत असते एकेकाची."

"हो का? थांबा, दाखवते पद्धत."

त्यांनी पर्समधून नेलपॉलिशची बाटली काढली आणि माझ्या अंगावर लालभडक ठिपका दिला. "आता बोला!" त्या दिवसापासून मी बाईंचा झालो. ठिपका झिजला की त्या बाकावर बसून त्यावर नवा थर चढवायच्या. थरावर थर बसून तो चांगला उंच झाला होता. एकदा दगडावर आपटून माझ्या पोटाला चीर गेली, तरी त्यांनी मला टाकलं नाही. म्हणाल्या, "राहू दे. आता आपण दोघंही जुनेच."

मग बाई आजारी पडल्या आणि त्या आजारातून उठल्याच नाहीत.

डॉक्टरांनी खेळ सोडला. बाईंचा हातमोजा आणि त्यात मी, अशी आमची खेळाच्या पिशवीच्या बाजूच्या छोट्या कप्प्यात सोय लावली. पिशवी माळ्याखाली उभी असे. संध्याकाळी कधीतरी ते यायचे, मला बाहेर काढून तळहातावर घ्यायचे. डोळ्यांत मोतीबिंदू झालेला, समोरचं सगळं धूसर. पण आयुष्यभर दात तपासलेली बोटं त्यांची. अंगठा आधी ठिपक्यावर यायचा, मग चिरेवरून फिरायचा. "आज भाजीत मीठच टाकायचं विसरलो बघ," ते म्हणायचे. माझ्याशी नव्हे, हे मला कळत होतं. पण ऐकायला मीच होतो, आणि मला ते काम आवडायचं.

मुलगा दूर नोकरीला. सुट्टी काढून आला, तेव्हा बापाची दशा पाहून घाबरला.

"बाबा, समुद्राकाठी नवं मैदान झालंय. चला ना. नाही आवडलं तर परत येऊ."

"मला दिसतंय कुठे आता?"

"मी आहे ना बघायला."

निघायच्या आदल्या दिवशी त्यानं पिशवी झाडून पुसून लख्ख केली. हातमोजा धुवायला टाकला. आणि मला, मळकट दिसलो म्हणून, खालच्या कप्प्यात जुन्या चेंडूंमध्ये ढकललं. मनानं चांगला आहे हो मुलगा. पण आवरायला घेतलं की माणसं नको तेही आवरतात.

कप्प्याची चेन बिघडलेली होती. त्या फटीतून मी नवं मैदान पाहिलं आणि क्षणभर सगळं विसरलो. गवत इतकं हिरवं की खरं वाटेना. आणून अंथरलेल्या तुकड्यांचे जोडसुद्धा अजून दिसत होते. पांढऱ्या वाळूचे खड्डे, ताणून फडफडणारे पिवळे झेंडे आणि एका बाजूला नुसता समुद्र. वारा असा की मुलाचा पहिलाच चेंडू वर गेला आणि जवळजवळ परत त्याच्या पायाशी आला. डॉक्टर हसले. "तुझ्या आईनं सोडलं नसतं आज तुला," म्हणाले. किती दिवसांनी हसले ते! जुन्या चेंडूंत चेंगरून बसलो होतो, तरी मलाही बरं वाटलं.

शेवटून दुसरं होल आलं, म्हणजे शेवटून दुसरा झेंडा. आपण एका कड्यावर, झेंडा समोरच्या कड्यावर, मधे खाली समुद्र आत घुसलेला. आता या लोकांची एक रीत आहे. पाण्यावरून मारायचं असेल तर चांगला चेंडू खिशात ठेवायचा आणि जुना, गेला तरी चालेल असा काढायचा. त्याला म्हणतात पाण्याचा चेंडू.

"बाबा, पाण्याचा चेंडू काढू?"

"काढ की. नवा कशाला घालवायचा?"

मुलानं कप्प्यात हात घातला आणि मी हाताला लागलो. डॉक्टरांना गुडघ्यांमुळे वाकवत नव्हतं, म्हणून टी, म्हणजे चेंडू टेकवायची छोटी खुंटी, रोवून माझी स्थापना त्यानंच केली. ठिपका त्यानं पाहिलाही असेल, पण अशा खुणा सगळेच करतात. डॉक्टरांचा हात मला लागला असता तर! एकदा नुसता अंगठा लागला असता तर! मी जिवाच्या आकांतानं ओरडलो. चेंडूचं ओरडणं कोण ऐकतो?

डॉक्टरांचा फटका असा बसला की उभ्या आयुष्यात तसा बसला नव्हता. मी सरळ झेंड्याच्या रोखानं निघालो. मग वाऱ्यानं मला धरलं, बाजूला नेलं आणि पलीकडच्या कड्याखाली खडकांत टाकलं.

"गेला वाटतं, बाबा."

"जाऊ दे रे. जुनाच होता."

वाऱ्यावरून ते शब्द माझ्यापर्यंत आले.

शेवटचा झेंडा माझ्या डोक्यावरच्या कड्यावर होता. तिथे खेळ संपल्यावर डॉक्टरांनी मला काढायला छोट्या कप्प्यात हात घातला असावा. बाईंना सांगायचं असेल कसं झालं ते.

"इथला हातमोजा कुठे आहे रे? त्यात चेंडू होता."

"हातमोजा धुवायला टाकलाय. चेंडू…" मुलगा थांबला. "लाल ठिपक्याचा का, बाबा?"



"तुझ्या आईचा होता तो," डॉक्टर म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून सुट्टी मिळाली की मुलगा येतो. ओहोटीला खडकांत उतरतो. डॉक्टर वर उभे राहून हाका मारत असतात, "जपून रे, पाय घसरेल!" इथे माझ्यासारखे कितीतरी पडलेत. आधी तो सापडेल तो चेंडू वर न्यायचा. डॉक्टर अंगठा फिरवायचे, मान हलवायचे आणि चेंडू परत त्याच्या हातात ठेवायचे. ते त्याला बघवेना. म्हणून आता ठिपका दिसल्याशिवाय तो काही वर नेत नाही.

आणि माझा ठिपका गेलाय. खारं पाणी, वाळू, रोजची घासाघीस. एकेक थर उतरत गेला आणि शेवटचा कधी गेला, मलाही कळलं नाही.

आज मी त्याच्या हाताला लागलो. त्यानं मला शर्टाला पुसलं, गोल फिरवून सगळीकडून पाहिलं. पोटावरची चीरही पाहिली. पण ती त्याच्या ओळखीची नाही. अरे बाळा, ठिपका नको शोधूस. मला नुसतं वर ने, त्यांच्या हातात दे, बाकीचं त्यांचा अंगठा बघून घेईल!

"सापडला का रे?" वरून हाक आली.

"नाही बाबा," तो म्हणाला, "हाही नाही." आणि त्यानं मला परत पाण्यात सोडलं.