चौथा उद्गार

येशूनं वधस्तंभावरून सात उद्गार काढले. त्यातल्या चौथ्याचं भजन दर उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, चाळीस वर्षं मी गात आले, आणि यंदा माझ्या सुनेनं मला एक सूर दिला. एकच. शब्द नाही, चाल नाही, नुसतं "आ". सासूची तरी लाज बाळगावी!

"संयोगिता, मला काय तंबोरा समजलीस व्हय?"

"आई, दोन व्हायोलिनं तुमच्या सुराला घासत जाणार. तुम्ही हलायचं नाही."

"मी कवा हललीया गं?"

ती पुण्याला विलायती संगीत शिकून आलेली. आजकालच्या तऱ्हेचं स्वतः रचते, कागदावर लिहिते. मी तिसरी पास. तो कागद मला मुंग्या चालल्यासारखा दिसतो. पेटी बंद, ढोलकी बंद. चर्चच्या पाळकसाहेबांनी तिला बजावलं होतं, "मंडळीला पटलं तर ठीक. न्हाईतर पुढच्या साली जुनं भजनच." ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

शुक्रवारी उचगावचं आमचं चर्च गच्च भरलं. "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" कॉयरनं विचारलं. व्हायोलिनं अशी करकरली की माझे दात शिवशिवले. मग सगळं थांबलं. तिनं तसंच लिहिलं होतं. दहा मोजेपर्यंत शांतता, मग माझा सूर, एकटीचा.

पण आमच्यात गाणं थांबलं की आमेन म्हणायचं. पहिल्या बाकावरचे गुंडू मास्तर खणखणीत म्हणाले, "आमेन!" मागोमाग अख्खी मंडळी, "आमेन!" पाळकसाहेब पाचवा उद्गार वाचायला उठले. संयोगिताचा हात हवेतच राहिला, तोंड पांढरंफटक.

मी गप्प बसले असते तर माझं भजन परत आलं असतं. पण मनात आलं, लेक बापाला विचारतोय, बापानं अजून उत्तर दिलेलं नाही, आणि ही माणसं आमेन कसली म्हणतात?

मी सूर लावला.

पाळकसाहेब खाली बसले. मास्तरांनी मान खाली घातली. व्हायोलिनं आली, घासून गेली. मी तशीच.

बाहेर चिंचेखाली सून डोळे पुसत पुढं आली. "आई, आवडलं?"

"न्हाय. कानाला टोचतंय तुझं गाणं," मी सगळ्यांदेखत सांगितलं. "पण काट्यांचा मुकुट घातला त्या दिवशी गोड वाटाया ते काय बारसं हाय? ऱ्हाऊ दे तसंच."